सुमित्रा भावे यांचे चित्रपट आणि आपली घरं



साहित्याच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टरणीनं चित्रपटांवर बोलायचं, हे थोडं वेगळं वाटेल. विषय मीच सुचवला आणि मंडळानं तो मान्य केला, त्याबद्दल आभार. ज्यांच्याविषयी बोलायचं त्या सुमित्रा भावे यांनी आपल्या चित्रपटांच्या कथा, पटकथा आणि संवाद स्वतः लिहिले. ‘अस्तु’च्या संवादांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे त्या लेखिकाच होत्या, फक्त त्यांचं पुस्तक पडद्यावर उलगडायचं. दुसरं कारण माझ्या व्यवसायातलं आहे. स्किझोफ्रेनिया, कोड, विस्मरण, नैराश्य, एचआयव्ही या आजारांवर मराठी घरांत जे बोललं जात नाही, ते या बाईंनी तीस-पस्तीस वर्षं चिकाटीनं बोलून दाखवलं. दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला त्याचं मोल कळतं.

आधी त्यांचं आयुष्य थोडक्यात सांगते. जन्म पुण्याचा, १२ जानेवारी १९४३चा. शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात, नंतर पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, मग मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ग्रामीण समाजकार्य. काही काळ आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर त्या मराठी बातम्या वाचत. पुढे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी दहाएक वर्षं शिकवलं. चाळिशी ओलांडेपर्यंत त्यांचा चित्रपटाशी संबंध प्रेक्षक म्हणूनच होता. कॅमेऱ्याचं शिक्षण नाही, घराण्याचा वारसा नाही, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कुणी ओळखीचं नाही.

मग हे घडलं कसं? ऐंशीच्या दशकात त्या पुण्याच्या झोपडपट्ट्यांतल्या बायकांचा अभ्यास करत होत्या. दलित बायकांच्या आत्मकथनांचं त्या कामातून झालेलं पुस्तक गेल ऑम्व्हेट यांच्या अनुवादानं १९८८ मध्ये इंग्रजीत आलं. पण भावे यांच्या मनात एक साधा प्रश्न होता. ज्या बाईनं तासन्‌तास बसून आपलं आयुष्य आपल्याला सांगितलं, तिला हा अहवाल वाचताच येणार नसेल, तर तो तिच्या काय उपयोगाचा? तिनं दिलेलं तिच्याकडे परत जाणार कसं? उत्तर होतं चित्रपट. तो वाचावा लागत नाही. वस्तीतल्या मोकळ्या जागेत पडदा लावला की लेकरं मांडीवर घेऊन बायका बसतात, बघतात, आणि ‘हे तर आमचंच’ म्हणतात.

अशा रीतीनं १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. तेव्हा दिग्दर्शिकेचं वय बेचाळीस. पाठोपाठ १९८७ मध्ये ‘पाणी’ आला. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘बाई’च्या वेळी मदतीला आलेला सुनील सुकथनकर हा तरुण पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकला, आणि शेवटपर्यंत दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं. कथा-पटकथा बहुधा भावे यांची, गाणी सुकथनकरांची. वयात वीस-बावीस वर्षांचं अंतर, नातं गुरू-शिष्याचं म्हणावं तर तसं नाही, भागीदारांचं म्हणावं तर व्यापार कुठेच नाही. ‘विचित्र निर्मिती’ हे त्यांच्या संस्थेचं नाव. नावातच थोडी थट्टा आहे: चारचौघांसारखं आम्ही करणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं.

मंडळी, स्वतंत्र चित्रपट म्हणजे काय, हे इथे समजून घेऊ. चित्रपटाला पैसा लागतो, आणि ज्याचा पैसा त्याचा शब्द चालतो. नायिकेला अमुक गाणं द्या, शेवट गोड करा, ओळखीचा चेहरा घ्या. हा शब्द ज्याला ऐकावा लागत नाही तो स्वतंत्र. त्याची किंमत अशी की दर वेळी पैसा नव्यानं उभा करावा लागतो, दर वेळी शून्यापासून. भावे यांनी तो वेगवेगळ्या ठिकाणांहून उभा केला. १९९५ चा त्यांचा पहिला मोठा चित्रपट ‘दोघी’ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशातून झाला. कुटुंबाला जगवण्यासाठी मुंबईला गेलेली आणि देहविक्रयात ओढली गेलेली थोरली बहीण, गावात राहिलेली धाकटी, आणि दोघींमध्ये उभी आई. थोरलीच्या पैशावर घर चालतं, पण थोरली दारात आलेली चालत नाही. त्या चित्रपटाला सामाजिक विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे काही चित्रपट आजारांवर काम करणाऱ्या संस्थांच्या आधारानं झाले, काही मित्रांच्या, तर काही अभिनेते आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांच्या पाठबळानं.

जगात याला दुसरी वाटही होती. कॅनडामध्ये सरकारचं नॅशनल फिल्म बोर्ड १९३९ पासून आहे. त्या बोर्डानं १९७४ मध्ये ‘स्टुडिओ डी’ नावाचा फक्त स्त्रियांचा विभाग काढला आणि सरकारी पैशानं बायका स्वतःच्या विषयांवर चित्रपट करू लागल्या. त्यातला एक, ‘इफ यू लव्ह धिस प्लॅनेट’, म्हणजे जवळजवळ एका डॉक्टरणीचं भाषणच आहे. अणुयुद्ध झालं तर माणसाच्या शरीराचं काय होईल, हे डॉ. हेलन कॅल्डिकॉट विद्यार्थ्यांना सांगतात. अमेरिकेच्या न्यायखात्यानं त्यावर ‘प्रचार’ असा शिक्का मारला, आणि त्याच अमेरिकेत १९८३ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. अलानिस ओबोमसाविन या आदिवासी समाजातल्या बाई आधी गाणी म्हणत, गोष्टी सांगत. त्याही या बोर्डात आल्या आणि आपल्या लोकांवर पन्नासहून अधिक चित्रपट करत्या झाल्या. पण स्टुडिओ डीचं काय झालं? १९९६ मध्ये खर्चकपातीत तो बंद पडला. सरकारी छप्पर मोठं खरं, पण ते काढूनही घेता येतं. आमच्या पुण्याच्या बाईंना ते छप्पर मिळालंच नाही. त्यामुळे त्यांना बंद पाडणारंही कुणी नव्हतं. पंधराच्या आसपास चित्रपट आणि पन्नासएक लघुपट त्यांनी असेच केले.

आता माझ्या विषयाकडे येते.

दवाखान्यात माणूस पहिल्या भेटीत क्वचितच खरं दुखणं सांगतो. डोकं दुखतं, झोप नाही, पोट साफ नाही, एवढं सांगतो. पाचव्या-सहाव्या भेटीला, औषधाची पुडी हातात घेऊन उठता उठता, ‘डॉक्टरबाई, आणखी एक विचारू?’ म्हणतो, आणि मग कळतं की घरातला एक मुलगा वर्षभर खोलीबाहेर आलेला नाही. जुन्या, प्रतिष्ठित घरांत हे अधिक. घर जेवढं जुनं तेवढी माणसं सांभाळायची सवय मोठी, आणि लपवायचीही. सोवळ्याची खोली, बाळंतिणीची खोली, तशी कित्येक वाड्यांत आणखी एक खोली असे, आणि तिच्यात कोण राहतं हे पाहुण्यांनी विचारायचं नसे. हे मी कुणा एका घराविषयी बोलत नाही. तुम्ही तुमच्या मोठ्या कुटुंबात मागच्या दोन पिढ्यांकडे पाहा. असं एखादं नाव तुम्हाला आठवेल. ते वंशावळीत असतं, गोष्टींत नसतं.

‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट त्या खोलीचं दार उघडतो. शेष हा कोकणातला तरुण. अतुल कुलकर्णी यांनी तो असा उभा केला आहे की आजाराचं नाव माहीत नसलेल्यालाही आतली पडझड दिसते. गावची देवराई हेच त्याचं जग. त्याला स्किझोफ्रेनिया होतो. बहीण त्याला शहरात आपल्या संसारात घेऊन येते. चित्रपटाचं बळ मला शेषपेक्षा या बहिणीत दिसतं. तिचं भावावर प्रेम आहे, आणि ती थकतेही. तिला नवरा आहे, मूल आहे, शेजार आहे. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याचं थकणं हा अपराध नाही, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. डिचोली-सत्तरीच्या माणसाला देवराई म्हणजे काय ते समजावून द्यायला नको. जिथली फांदी तोडायची नाही, जिथे कुऱ्हाड न्यायची नाही, अशी राखून ठेवलेली जागा. मनाच्या आजारातही माणसाच्या आत असं काहीतरी शाबूत असतं, त्याला हात लावताना जपावं, असं चित्रपट सांगतो. उपचार घ्या, औषधं घ्या, हेही तो तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

मीही इथे स्पष्ट बोलते. माझी पॅथी कुठलीही असो, भास होणाऱ्या किंवा जीव द्यायला निघालेल्या माणसाला मी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पाठवते, आणि पाठवायलाच हवं. गोव्यात एकेकाळी हे इस्पितळ पणजीच्या आल्तिन्यावर होतं आणि त्याला आबे फारियांचं नाव होतं. आमच्या कांदोळीच्या या पाद्र्यानं दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये संमोहनावर काम केलं. त्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आहे. आमच्या पॅथीचे जनक हानेमान यांनीही १७९२ मध्ये गेऑर्गेनथाल इथे एका मनोरुग्णाला साखळदंड न घालता, मारहाण न करता माणसासारखं वागवलं होतं. मनाच्या दुखण्याकडे आदरानं पाहणारी माणसं होऊन गेली. तरीही ‘बांबोळीला नेलं’ हे शब्द आपण आजही आवाज खाली करून उच्चारतो.

‘नितळ’ हा २००६ चा चित्रपट कोडावर आहे. डॉ. माया तुळपुळे यांची पुण्यातली श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्या माणसांसाठी काम करते. तिच्या पुढाकारानं तो झाला. नायिका सुशिक्षित, हुशार, स्वतः डॉक्टर. घरही सुशिक्षित. प्रश्न येतो तो लग्नाच्या वेळी. पांढरा डाग संसर्गानं पसरत नाही, त्यानं शरीराला दुखत-खुपत नाही, हे डॉक्टर म्हणून मी शंभरदा सांगितलं असेल. ऐकणारा मान हलवतो आणि मग विचारतो, ‘पण स्थळाला कळणार नाही ना?’ दवाखान्यातल्या माहितीनं जे होत नाही ते या चित्रपटानं काही घरांत केलं असेल, असं मला वाटतं. कारण माहिती डोक्याला कळते, पण लाज डोक्यात नसतेच.

एचआयव्हीवरचा ‘जिंदगी जिंदाबाद’ १९९७ चा, हिंदीतला. गोव्याला हा विषय दूरचा नव्हता. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, त्याला एचआयव्ही आहे एवढ्यावरून, इथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात चौसष्ट दिवस डांबून ठेवलं होतं. आपलं राज्य पुढारलेलं, साक्षर, तरी आपण हे केलं. भीती कायद्यातही शिरते, ती अशी.

‘अस्तु’ २०१३ चा. संस्कृतचे मोठे पंडित चक्रपाणी शास्त्री यांना विस्मरणाचा आजार जडला आहे. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली. मुलीनं गाडीत थोडा वेळ एकटं ठेवलेलं असताना रस्त्यानं हत्ती जातो आणि पंडितजी लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात. मुलगी शहरभर शोधते. तिकडे हत्तीवाल्याच्या झोपडीत चन्नम्मा नावाची बाई, जिला ते कोण आहेत हे माहीत नाही, त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलीला वडील परत हवे आहेत, म्हणजे आधीचे, विद्वान वडील. चन्नम्माला आधीचे ठाऊकच नाहीत, म्हणून समोर आहे त्या माणसाला ती घेऊ शकते. आपली मुलं पुण्याला, बेंगळुरूला, आखातात, कॅनडात. इकडे वाड्यात ऐंशीचे आई-बाबा आणि त्यांना न्हाऊ-खाऊ घालणारी, आपल्या नात्यागोत्यात नसलेली एखादी बाई. तिचं नाव आपण निमंत्रणपत्रिकेवर छापत नाही. ‘अस्तु’ पाहिल्यावर ते खटकेल.

आणि ‘कासव’. २०१६ च्या चित्रपटांमधून सर्वोत्कृष्ट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ यांच्यानंतरचा हा पाचवा मराठी चित्रपट. पेडण्याच्या मंडळींनी तो आधी पाहावा. मोरजीच्या तेंबवाड्याच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवीण येते, रात्री खड्डा करून शंभरएक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पिलं बघायला ती परतत नाही. सुमारे पन्नास दिवस ती अंडी कुत्र्यांपासून, माणसांपासून राखायची, ती दुसऱ्यांनी. मोरजीत गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून चाललेलं आहे. ‘कासव’मध्ये इरावती हर्षे यांनी केलेली जानकी स्वतः नैराश्यातून वर येत असलेली बाई आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेला एक आजारी, अनोळखी तरुण तिला भेटतो आणि ती त्याला समुद्राकाठच्या घरी आणते. तो कोण, कुठला, का, हे ती विचारत नाही. खाऊ-पिऊ घालते, झोपू देते, थांबते. कवचात गेलेल्याला ओढून बाहेर काढता येत नाही. आसपास धोका नाही अशी खात्री पटली की तो आपणहून मान बाहेर काढतो. जन्म देणाऱ्यानंच जपायला हवं असंही नाही. जो त्या वेळी किनाऱ्यावर असेल त्यानं जपावं.

हानेमान सांगून गेले की रुग्ण बोलत असताना वैद्यानं मध्ये तोंड घालू नये. आमच्या अभ्यासक्रमात हे सुरुवातीलाच शिकवतात, आणि आचरणात आणायला जन्म जातो. जानकीनं ते कॉलेजात न जाता केलेलं आहे.

आता दुसरी बाजू. हे चित्रपट बोधपर आहेत, त्यांत एखादं पात्र समजावून सांगतंच, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. काही ठिकाणी संवाद जास्त होतात, संस्थेला सांगायचं असलेलं पात्राच्या तोंडी येतं. आजारावरच्या चित्रपटात हा धोका असतोच. पण ‘वास्तुपुरुष’ पाहा. जमीनदारी गेलेल्या घराचा वाडा, गुप्तधनाच्या आशेवर खणत बसलेली माणसं, आणि मुलानं शिकून डॉक्टर व्हावं म्हणून झगडणारी आई. तिथे कुणीच उपदेश करत नाही. २००२ च्या चित्रपटांमध्ये सर्वोत्कृष्ट मराठी म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोव्यात १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा ज्यांच्या घरांनी पाहिला, मग ते घर भाटकाराचं असो की कुळाचं, त्यांना तो वाडा परका वाटणार नाही. आणि ‘कासव’पर्यंत येताना या दिग्दर्शिकेचे चित्रपट पुष्कळ शांत झालेले दिसतात. साठी-सत्तरीत कमी बोलणं शिकणारा कलावंत मला थोर वाटतो.

राहिला प्रश्न प्रेक्षकांचा. ‘अस्तु’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही थिएटरात यायला २०१६ उजाडलं, आणि त्यासाठीही लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. शेवटचा ‘दिठी’ दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरचा. पुरात तरणा मुलगा गेलेला वारकरी लोहार, त्याचा विठ्ठलावरचा राग, आणि एका पावसाळी रात्री अडलेली गाय सोडवताना त्याला पुन्हा मिळालेली दृष्टी. १९ एप्रिल २०२१ ला सुमित्राबाई गेल्या आणि ‘दिठी’ मे महिन्यात आला, तोही थिएटरात नाही, मोबाइल-टीव्हीवर. गोव्यात तो महिना कसा गेला हे या सभागृहात सांगायला नको. ज्यांच्या घरातलं माणूस त्या दिवसांत गेलं, त्यांनी तो चित्रपट अजून पाहिला नसेल तर जरूर पाहावा.

गोव्यात २००४ पासून दर वर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. आपल्या लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या ‘पलतडचो मनीस’ या कोंकणी चित्रपटाला २००९ मध्ये कॅनडातल्या टोरांटो महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. त्याचाही विषय रानातला एकटा माणूस आणि गावानं टाकलेली मनोरुग्ण बाई, असाच आहे. म्हणजे या मातीला हा विषय कळतो. पण महोत्सव पणजीत भरतो आणि पणजीतच संपतो. जत्रेच्या नाटकाला आपण वर्गणी काढतो, गावातलीच माणसं तोंडाला रंग लावतात, आणि पहाटेपर्यंत आपण मांडी घालून बसतो. ज्या समाजाला हे जमतं त्याला एक पडदा आणि एक प्रोजेक्टर जड नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या वर्षात तीन संध्याकाळी ठरवाव्यात: एक डिचोलीत, एक पेडण्यात, एक जिथे मागणी येईल तिथे. ‘देवराई’, ‘अस्तु’ आणि ‘कासव’, रीतसर परवानगी घेऊन, योग्य ते मानधन देऊन. तिकीट लावावं, फुकट नको. स्वतंत्र कलावंताला टाळ्यांपेक्षा तिकिटाची गरज जास्त असते. चित्रपट संपल्यावर भाषण नको, अध्यक्ष नको. दिवे लावावेत, चहा द्यावा आणि अर्धा तास सगळ्यांनी बसून राहावं. एखादा मानसोपचारतज्ज्ञ कोपऱ्यात बसलेला असावा, बोलावलं तरच बोलणारा. त्या अर्ध्या तासात एखाद्या घरानं आपल्या खोलीतल्या माणसाचं नाव मोठ्यानं उच्चारलं, तरी खर्च वसूल झाला असं मी धरीन.

चहाचा खर्च माझ्याकडे.